नोकरी सोडायचीय की थिएटर?

आधी पत्र. बरंच मोठं होतं, छोटं करून देतेय, गाव आणि हॉस्पिटल काढून टाकलंय.

"ताई नमस्कार. मी 29 वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय, 60 बेडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला ओटीत (ऑपरेशन थिएटरला) आहे, इथे पाच वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने बाकी. जनरल सर्जरी, ऑर्थो, सिझर सगळ्या केसेस घेते. पगार 19,500, त्यात बेसिक 13,000. ओटीला आम्ही चौघी होतो, दिवाळीनंतर दोघी सोडून गेल्या, आता मी आणि एक नवीन मुलगी, तिला अजून ऑपरेशनच्या हत्यारांची ट्रॉली लावता येत नाही. आठवड्यात चार रात्री ऑन कॉल माझ्याकडे, त्याचे वेगळे पैसे नाहीत, रात्री तीनला सिझर करून घरी गेलं तरी सकाळी 8 ला लिस्टला (दिवसाच्या ठरलेल्या ऑपरेशनना) हजर. प्रत्येक सरांना काय लागतं ते मी वहीत लिहून ठेवलंय, तरी मागच्या महिन्यात ऑर्थोच्या सरांनी चुकीचा ड्रिल बिट दिला म्हणून तो ट्रेमध्ये असा आपटला की उडून माझ्या हाताला लागला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले कुठून येतात ही माणसं. पाच वर्षांत सरांना माझं नाव माहीत नाही. नवरा म्हणतो सोड, सासूबाई म्हणतात घरी बस, आता बाळाचंही बघायचंय. मैत्रीण जर्मनीला चाललीय, म्हणते तू पण चल. मला काम आवडतं ताई, खरंच आवडतं, पण सकाळी हॉस्पिटलचं गेट दिसलं की पोटात गोळा येतो. राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त तारीख टाकायचीय. टाकू का?" - ट्रॉलीवाली

ट्रॉलीवाली, तारीख टाक, पण तीन महिन्यांनंतरची.

हसू नकोस, खरंच सांगतेय. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, म्हणजे 60 बेडचं हॉस्पिटल त्यात आलंच. हिशोब सोपाय, शेवटचा बेसिक (आणि डीए असेल तर तो) भागिले 26 गुणिले 15 गुणिले जितकी वर्षं. तुझे 13,000 धरले तर वर्षाचे साडेसात हजार, पाच वर्षांचे 37,500. तुझे जवळजवळ दोन पगार झाले ते, आणि तू ते चिडून टेबलावर ठेवून निघाली होतीस. आपल्या मुलींना इन्स्ट्रुमेंटची नावं झोपेत विचारली तरी सांगता येतात पण पगाराची स्लिप कधी नीट वाचलेली नसते, मी पण त्यातलीच होते म्हणून बोलतेय. जॉइनिंग लेटर कुठेय ते आज रात्री शोध. त्यावरची तारीख बघ, कारण बऱ्याच ठिकाणी पहिले सहा महिने 'ट्रेनी' म्हणून कागदावर घेतच नाहीत आणि मग पाच वर्षांची साडेचार होतात. पीएफ कापतात का, यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर चालू आहे का, तेही मोबाईलवर बघून घे.

आता मूळ प्रश्न. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, ते अख्खं पत्र तक्रारींनी भरलंय आणि त्यात कामाबद्दल एकही तक्रार नाहीये. तुझ्या लक्षात आलंय का हे? उभं राहून पाय भरून येतात, मास्कने नाक सोलतं, रक्त, वास, जेवायला चार वाजतात, यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. तू लिहिलंस ते फोनबद्दल, झोपेबद्दल, पैशाबद्दल, सरांच्या तोंडाबद्दल, आणि सोडून गेलेल्या दोघींबद्दल. म्हणजे तुला थिएटर सोडायचं नाहीये, तुला हे हॉस्पिटल सोडायचंय, किंवा कदाचित तेही नाही, तुला या हॉस्पिटलचं हे वेळापत्रक सोडायचंय. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी.

मी हा घोळ घातलेला आहे. ओटीला नऊ वर्षं झाल्यावर एकदा असंच कडाक्याचं भांडण झालं, मी राजीनामा दिला आणि रागात म्हटलं आता थिएटरच नको, आणि एका ठिकाणी इन्शुरन्स डेस्कला बसले. एसी, खुर्ची, दहा ते सहा, रविवार सुट्टी. घरचे खूष. मी अकरा महिने कॅशलेसचे फॉर्म भरले, आणि एक दिवस समोरच्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डवर 'लॅप कोली कन्व्हर्टेड टू ओपन' (दुर्बिणीने पित्ताशय काढताना मध्येच पोट उघडावं लागलं) वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर तो क्षण आला की आता सगळ्यांचे आवाज बदललेत, ओपनची ट्रॉली हवीय, मावशी पळतेय, मी मनातल्या मनात ट्रे उघडत होते आणि तो माणूस मला विचारत होता मॅडम सही कुठे करू. पुढच्या महिन्यात परत ओटीत, दुसऱ्या हॉस्पिटलात, पगार आधीपेक्षा कमी कारण मध्ये गॅप पडला ना.

तुला काम आवडतं म्हणजे नक्की काय आवडतं हे मला माहितीये, आणि सासूबाईंना ते समजावता येणार नाही हेही माहितीये, म्हणून सांगते, निदान तुला तरी कुणीतरी बोललेलं असावं.

रात्री दोनची केस, पर्फोरेशन, म्हणजे आत भोक पडलेलं, पोट उघडलेलं, पस धुऊन झालाय, सर क्लोजरला, पोट शिवायला, आलेत आणि भूलवाल्या मॅडम म्हणतायत बीपी पडतोय लवकर घ्या. मी मॉप, म्हणजे आत रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजले. पाचपाचचे दोन गठ्ठे सोडले होते, दहा, आणि आले नऊ. परत मोजले, नऊ. त्या वेळी तोंड उघडणं म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. म्हटलं, सर एक मॉप कमी आहे. "बकेट बघा." मामांनी बकेट उपडी केली, फ्लोअरच्या सिस्टरने टेबलाखाली बघितलं, ड्रेपच्या घडीत बघितलं, मावशीने कचऱ्याची पिशवी फोडली. सर म्हणाले, "तुमचं मोजण्यात चुकलंय, सुचर द्या." मी सुचर दिला नाही. हातात धरून उभी राहिले, बोलले काहीच नाही, पाय लटपटत होते. दहा सेकंद असतील. मग त्यांनी परत हात घातला, डावीकडे वर, प्लीहेच्या मागे, आणि तो निघाला, रक्ताने भिजून आतल्यासारखाच झालेला, दिसलाच नसता.

सर काही बोलले नाहीत. सॉरी नाही, थँक्यू नाही. पेशंट बाराव्या दिवशी चालत घरी गेला, जाताना वॉर्डात पेढे वाटले, वॉर्डच्या मुलींनी त्यातला एक मावशीच्या हाती माझ्यासाठी पाठवला. तो माणूस मला ओळखत नव्हता आणि ओळखणारही नव्हता, त्याने मला बघितलं ते मास्कमध्ये, दोन मिनिटं, भूल चढायच्या आधी.

ओटीची गोम ही आहे बघ. वॉर्डच्या सिस्टरला पेशंट नावाने ओळखतो, नातेवाईक फोन नंबर घेतात, राखीपौर्णिमेला येतात. आपला पेशंट झोपलेला असतो. आपलं चांगलं काम म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेली गोष्ट पगार ठरवणाऱ्याला दिसत नाही. तुझ्या हॉस्पिटलात पगार कोण ठरवतं? मोठ्या डॉक्टरांच्या मिसेस हिशोब बघत असतील, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. त्या मॅडम पाच वर्षांत किती वेळा ओटीच्या लाल रेषेच्या आत आल्यात? त्यांच्या लेखी तू म्हणजे 19,500 ची एक ओळ आहेस. दोन ओळी दिवाळीनंतर कमी झाल्या, काम तर चाललंय, मग बरंच की, 39 हजार वाचले. काम चाललंय कारण तू चार रात्री ऑन कॉल करतेयस, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाहीये. तू तरी कुठे सांगितलंस? तू राजीनामा लिहिलास, पण कधी मागणी लिहून दिलीयस का? पत्रात तरी तसं काही दिसलं नाही.

तर हे तीन महिने त्यासाठी वापर. मॅडमना भेट, सरांना नको, सर कॉरिडॉरमध्ये हो म्हणतात आणि विसरतात. पगाराच्या आठवड्यात जाऊ नकोस, दहा-बारा तारखेला जा, दुपारी, लिस्ट संपल्यावर, अंघोळ करून, ओटीच्या कपड्यात अजिबात नाही. आणि हातात एक कागद ठेव, त्यावर मागच्या दोन महिन्यांतले तुझे ऑन कॉल, तारीख, आत कधी गेलीस, बाहेर कधी आलीस, दुसऱ्या दिवशी किती वाजता हजर. ओटी रजिस्टरमध्ये सगळं आहेच, उतरवून काढ. "खूप काम पडतं मॅडम" याला काही अर्थ नसतो, सगळेच म्हणतात. "मार्चमध्ये सतरा रात्री मी कॉलवर होते, नऊ वेळा आले, त्यातल्या सहा वेळा सकाळी 8 ला परत ड्युटी" असं तुझ्या रजिस्टरचे जे खरे आकडे असतील ते ठेवलेस तर तो कागद स्वतःच बोलतो.

मागायचं काय. "पगार वाढवा" एवढंच मागितलंस तर हजार रुपये वाढतील आणि तोंड बंद होईल, तेवढ्यावर आपण दिवाळीपर्यंत गप्प बसतो हे त्यांना माहीत असतं. आधी झोप माग. रात्री बारानंतर केस झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला येणार, हे रोस्टरवर लिहून. प्रत्येक कॉलचे पैसे, ठरलेले, आणि रात्री न्यायला-सोडायला गाडी. मग माणूस माग, कारण एका टेबलाला दोघी लागतातच, एक हात धुऊन उभी आणि एक फ्लोअरला, आणि आत्ता सिझरला तू स्क्रब असतेस तेव्हा फ्लोअरला कोण असतं गं? ती नवीन मुलगी? की मावशी? हे मॅडमना विचार. आवाज न चढवता विचार, की रात्री काउंटला, मॉप-हत्यारं मोजायला, दुसरा माणूस कोण, उद्या काही राहिलं आत तर केस हॉस्पिटलवर होईल ना. हे त्यांना लगेच कळतं. आणि शेवटी पद आणि पगार, 'ओटी इन्चार्ज' असं लेखी, कारण काम तू तेच करतेयस.

पगाराचा आकडा कुठून आणायचा तेही सांगते. खाजगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या पगाराची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, 29 जानेवारी 2016 ला कोर्टाने केंद्राला समिती नेमायला लावली, आणि त्या समितीने सांगितलं की 200 च्या वर बेड असतील तर राज्य सरकारी नर्सइतकाच पगार, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 बेडला फार तर 25 टक्के कमी, आणि 50 च्या खाली असलं तरी 20,000 च्या खाली नको. आता आपल्या राज्यात अधिपरिचारिकेचा (सरकारी स्टाफ नर्सचा) सातव्या वेतन आयोगाचा मूळ पगार 35,400 पासून सुरू होतो, महागाई भत्ता वेगळा. तू 60 बेडवाली, नुसत्या मुळातून 25 टक्के काढले तरी 26,550 येतात. तू 19,500 वर आहेस, म्हणजे पन्नासच्या खालच्या हॉस्पिटलला जे किमान सांगितलं त्याच्याही खाली. शिफारस आहे ती, कायदा नव्हे, ती दाखवून कुणाला कोर्टात खेचता येणार नाही, पण मॅडमनी "मार्केट रेटच एवढा आहे सिस्टर" म्हटलं की बोलायला एक आकडा हातात असतो, आणि तो तू घरी बसून ठरवलेला नसतो.

त्या आणखी एक वाक्य म्हणतील, पैज लाव माझ्याशी. "सिस्टर, तुम्ही आम्हाला घरच्यासारख्या." त्यावर विरघळायचं नाही. घरच्या माणसाला रात्री तीनला उठवलं तर सकाळी झोपू देतात.

आता ती वही. तुला कल्पना नाहीये त्या वहीत काय आहे. कुठल्या सरांना साडेसातचे ग्लोव्हज, कुठल्यांना आतून सात बाहेरून साडेसात, कोण फॅसियाला लूप मागतं, कुणाला कॉटरीचं पेडल उजव्या पायाला लागतं, कुठल्या मॅडमना सिझरला कुठला रिट्रॅक्टर चालत नाही. हे सगळं हॉस्पिटलमध्ये दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही, ना ऑफिसात ना कॉम्प्युटरवर. तू गेलीस की ते गेलं. नवीन मुलगी ते शिकेपर्यंत प्रत्येक केस वीस मिनिटं लांबणार आणि व्हिजिटिंग सर्जन पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला न्यायला लागणार, हे होताना मी डोळ्यांनी बघितलंय. मीटिंगला वही घेऊन जा, दाखव, आणि म्हण की यावरून मी सगळ्या सरांची कार्डं करून देते, दोन मुली सहा महिन्यांत तयार करते, पण इन्चार्ज म्हणून. (काही जणी म्हणतील वही लपवून ठेव, तीच आपली ताकद. मला ते पटत नाही. लपवलेल्या वहीचा त्रास त्या नवीन मुलीला होतो, मॅडमना होत नाही.)

ऑर्थोच्या सरांकडे येऊ. आधी एक अवघड प्रश्न, बिट खरंच चुकीचा होता का? साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला अडीचचा, साडेचारच्या स्क्रूला 3.2 चा, हे तुला पाठ असणार. तरी चुकतं, कारण सेट इम्प्लांटवाला (प्लेट-स्क्रू पुरवणारा) सकाळी साडेसातला आणून टाकतो, तो घाईघाईत निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला जातो, आणि तू तो ट्रे पहिल्यांदा बघतेस तो टेबलावर पेशंट झोपल्यावर. रात्रीच्या कॉलनंतर तर अडीच आणि 2.7 सारखेच दिसतात. तर चूक झाली असेल तर ती मान्य कर आणि लगेच पुढे म्हण की उद्यापासून सेट आदल्या संध्याकाळी आला पाहिजे, मी उघडून बघणार, इम्प्लांटवाल्याला तसं सांगा. याला कुठलाही ऑर्थोपेडिक सर्जन नाही म्हणणार नाही, त्याच्याच इन्फेक्शन रेटचा प्रश्न आहे.

आणि फेकण्याचं वेगळं. चूक कितीही मोठी असो, टेबलावर वस्तू फेकायची नाही, तुझ्या हाताला लागलंय, ते टोक वापरलेलं होतं का? ग्लोव्ह फाटला होता का? कातडी फुटली असेल तर ती नीडल प्रिकसारखीच धरायची, लगेच धुवायचं, रजिस्टरला नोंद, पेशंटचं आणि तुझं एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, आणि पीईपी (एचआयव्ही टाळायची औषधं) लागलीच तर जितक्या लवकर तितकं चांगलं, 72 तासांच्या आत. आता महिना झालाय, तरी तुझी तपासणी करून घे, आणि हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का बघ. नोंद केली नसशील तर आता लेखी दे, तारीख वेळ घालून, भाषा कोरडी. बोलायचं असेल तर केस संपल्यावर, ग्लोव्हज काढल्यावर, चेंजिंग रूमच्या बाहेर, एकट्यात: "सर, चूक माझी होती, पण तुम्ही फेकलंत ते मला लागलं, परत असं झालं तर मी केस सोडून लेखी देईन." बहुतेक सर्जनना हे आजवर कुणी म्हटलेलंच नसतं. मी आयुष्यात दोघांना म्हटलं. एक महिनाभर बोलले नाहीत. दुसऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या ओटीला वडापाव मागवले, सॉरी तेवढं म्हणाले नाहीत, पण परत फेकलं नाही.

नावाचं म्हणशील तर त्याला एक आयता उपाय आहे. डब्ल्यूएचओची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट तुमच्याकडे फाइलला लागत असेलच, लागते सगळीकडे, बहुतेक ठिकाणी केस झाल्यावर टिका मारून. 2008 ची ती, तीन टप्पे, 19 मुद्दे, ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, उमरखेडजवळच्या उटी गावचे. आठ शहरांतल्या हॉस्पिटलात करून बघितली, त्यात दिल्ली पण होतं, आणि 2009 मध्ये जे छापून आलं त्यात मोठ्या ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 वर आले होते. तर त्या यादीत चीर देण्याआधीचा पहिलाच मुद्दा काय आहे माहितीये? सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. सर्जनने पण, सिस्टरने पण. कारण साधं आहे, एकदा तोंड उघडून नाव सांगितलेलं माणूस पुढे "सर, मॉप कमी आहे" म्हणायला कमी घाबरतं. नवीन मुलीला सोबत घे, भूलवाल्या मॅडमना पटव, त्या बहुतेक आपल्या बाजूच्या असतात, आणि सोमवारच्या पहिल्या केसला तूच सुरू कर. पहिले आठ दिवस सगळे हसतील. हसू दे.

बाळाचं. ऑर्थोला सी-आर्म (ऑपरेशनमधलं एक्स-रे मशीन) चालू असताना तू आत असतेस, लेड अॅप्रन किती आहेत आणि तुझ्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं आली ते मोजणारा) आहे का? बॅज नसेल तर तोही कागदावर लिहून माग, ही मेहेरबानी नाही, एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) नियम आहे. दिवस गेलेत हे लेखी कळवलं की त्यापुढे बाळाला 1 मिलीसिव्हर्टच्या वर मात्रा जायला नको, तेव्हा कळवायला लाजायचं नाही, लवकर कळवायचं आणि सी-आर्मच्या केसेस दुसरीला द्यायच्या. तोपर्यंत अॅप्रन घालूनसुद्धा शॉट घेताना मागे सरक, अंतर दुप्पट केलं की मात्रा पाव होते. आणि हे नोकरी बदलण्याशी पण जोडलेलंय, नवीन ठिकाणी पगारी बाळंतपणाची रजा मिळायला आधीच्या वर्षभरात किमान 80 दिवस तिथे काम झालेलं लागतं (ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत असतील तर तिथला हिशोब वेगळा, तो विचारून घे), झालं असेल तर पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे. म्हणजे नोकरी बदलणं आणि बाळ एकाच महिन्यात धरू नकोस एवढंच.

जर्मनी. मैत्रिणीला शुभेच्छा, आणि जाणाऱ्यांना मी कधीच अडवत नाही, पैसा आणि मान दोन्ही जास्त आहे. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय, त्यात नर्सेस पण आहेत, तो रस्ता बघायला हरकत नाही. पण दोन गोष्टी. जर्मन भाषा बी-2 या पातळीपर्यंत न्यावी लागते, आठवड्याला चार रात्री कॉल करून ते होत नाही, म्हणजे त्यासाठीसुद्धा आधी झोपच मागायला लागणार. आणि तिथे जाऊन ओटीच मिळेल असं धरू नकोस, थिएटरसाठी तिथे तीन वर्षांचा वेगळा कोर्स केलेली माणसं असतात, तुला सुरुवात वॉर्डात पेशंटला अंघोळ घालण्यापासून करावी लागू शकते. त्यात कमीपणा काही नाही, पण तुला ज्याची आवड आहे ते हे नाही. आणि कुठल्याही एजंटला पैसे द्यायच्या आधी त्याचं लायसन सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघ, नोंदणी असलेल्या एजंटला सेवा शुल्क 30,000 आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, पाच लाख मागतोय तो एजंट नव्हे.

त्यापेक्षा एक जवळची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. एम्सची नॉरसेट परीक्षा, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची, नागपूरचं एम्स पण त्यात येतं, जीएनएमवालीला चालते, अट काय तर किमान 50 बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षं अनुभव. तुझं 60 बेडचं आहे! पण खुल्या गटाला वय 30 पर्यंतच आणि तू 29 ची, म्हणजे पुढची जाहिरात आली की फॉर्म भरून टाक, बाकी गटांना थोडी सूट आहे. राज्याच्या भरतीला खुल्या गटाला 38 पर्यंत वेळ आहे, ती घाई नाही. दोन्हीसाठी अनुभवाचा दाखला लागेल, त्यावर बेडची संख्या, ओटी विभाग आणि तारखा नीट लिहून घे, आणि तो गोडीत असताना घे, राजीनामा दिल्यावर लोकांचे पेन वाळतात. ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे ठेवली असशील तर तीही आत्ताच, पासपोर्टला लागतायत म्हणून माग.

नवऱ्याला सांग की सोडायचं ठरलं तर सोडेन, पण घरी बसायला नाही. सासूबाईंना काहीच सांगू नकोस, रात्री गाडी न्यायला यायला लागली की त्या आपोआप शांत होतील, त्यांचा निम्मा जीव रात्रीच्या त्या स्कूटीत अडकलेला असतो.

हे सदर एखाद्या हॉस्पिटलच्या मॅडम पण वाचत असतील तर त्यांना एकच विचारते, ओटीची एखादी सिस्टर सोडून गेली तेव्हा तिला शेवटच्या दिवशी बसवून विचारलंत का, का जातेय? माझ्या आख्ख्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नाही. मी तीन ठिकाणं सोडली, तिन्हीकडे लगेच नो ड्यूज आणि लॉकरची किल्ली.

तर ट्रॉलीवाली, कागद तयार कर, दहा-बारा तारखेला जा. मॅडमनी झोप आणि माणूस हे दोन जरी लेखी दिलं, तरी सहा महिने थांब, पगार पुढच्या वेळी. "बघू" म्हणाल्या तर पंधरा दिवस दे, आणि परत बघूच आलं तर पाच वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख राजीनाम्यावर टाक, नोटीस पिरियड धरून, आणि त्याआधी गावातल्या दोन हॉस्पिटलांत जाऊन ये, ट्रेनिंग झालेली स्क्रब सिस्टर दारात आली तर खुर्ची पुसून देतात सध्या. काय झालं ते कळव. आणि वहीचे आधी फोटो काढून ठेव, सगळ्या पानांचे, माझ्या वहीवर कुणीतरी बीटाडीन सांडलं होतं.